नेप, कूब आणि बुचर्स : इंग्रजीच्या खेळांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इंग्रजीतील बोलभाषेविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मुद्दाम उलटवलेल्या, वाकवलेल्या किंवा नव्याने घडवलेल्या शब्दांबद्दलची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी बारामती तालुक्यातील एका शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. दोन महिन्यांपासून वर्गातील मुले पेनला ‘नेप’ आणि बुकला ‘कूब’ म्हणू लागली आहेत. परवा एका मुलाने माझ्यादेखत दुसऱ्याकडे ‘नेट रुपये’ मागितले. सगळा वर्ग हसला आणि मला मात्र काहीच कळले नाही. ते दहा रुपये होते हे नंतर समजले. अशाने मुलांचे स्पेलिंग बिघडेल अशी भीती वाटते. हा प्रकार थांबवावा काय? — एक शिक्षिका

उत्तर : कृपया थांबवू नका. आपल्या विद्यार्थ्यांनी ‘टेन’ उलटा करून ‘नेट’ केला. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर फळे, भाजी आणि मासळी विकणाऱ्या हातगाडीवाल्यांनीही दहासाठी नेमका हाच शब्द काढला होता. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गोरगरिबांमध्ये हिंडून त्यांच्या जगण्याची माहिती गोळा केली आणि ती १८५१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात या फेरीवाल्यांच्या उलट्या बोलीचे नमुने आहेत. पेनीचे ‘येनेप’, ‘लुक’चे ‘कूल’, ‘पॉट ऑफ बिअर’चे ‘टॉप ओ रीब’ असे ते शब्द आहेत. पोलिसाचा शब्द उलटून ‘एस्क्लॉप’ झाला आणि तोंडात घोळता घोळता त्याचा ‘स्लॉप’ उरला, त्यामुळे ‘कूल द एस्क्लॉप’ असे कोणी ओरडले की पोलीस आला, गाडी हलवा, हे शेजारच्या गाडीवाल्याला समजे आणि गिऱ्हाइकाला ताकास तूर लागत नसे. ‘बॉय’ उलटून झालेला ‘यॉब’ १८५९ च्या एका बोलभाषेच्या कोशात नुसत्या ‘मुलगा’ या अर्थाने नोंदलेला आहे. आज इंग्लंडमधील वर्तमानपत्रांत तोच शब्द दांडगाई करणाऱ्या उनाड तरुणासाठी येतो आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या तो उलटा शब्द असल्याचे ध्यानातही येत नाही.

स्पेलिंगच्या भीतीविषयी एक प्रयोग सुचवतो, जो मी स्वतः एका सुट्टीतील वर्गात करून पाहिला आहे. फळ्यावर काहीही न लिहिता मुलांना ‘नाइफ’ हा शब्द उलटा म्हणायला सांगा. जी मुले कानाने उलटवतील ती ‘फाइन’ म्हणतील आणि जी अक्षरांनी उलटवतील ती ‘एफिंक’ म्हणतील. माझ्या वर्गात या दोन गटांचे चांगलेच वाजले, आणि त्या वादात कोणीही न शिकवता मुलांना उमगले की या शब्दाच्या सुरुवातीला जे मुके ‘के’ अक्षर आहे त्याला उलट्या बोलीत आवाज फुटतो. ज्याला स्पेलिंग येत नाही त्याला ‘एफिंक’पर्यंत पोहोचताच येत नाही. आपल्या वर्गातील खेळामुळे स्पेलिंग बिघडण्याऐवजी पक्के होण्याचीच शक्यता मला अधिक दिसते. मेह्यूच्या फेरीवाल्यांपैकी दहांत एखाद्यालाच वाचता येत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या लोकांनी हे शब्द एकमेकांच्या तोंडून उचलले. आपली मुले मात्र ते अक्षर बघून घडवत आहेत.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी हेच काम वेगळ्या रीतीने केले होते. जुन्या बाजारपेठांतील नंदभाषेत तीनला उधानू, पाचला मुळू आणि दहाला अंगुळू म्हणत, म्हणजे समोर गिऱ्हाईक उभे असतानाही दुकानदार आणि दलाल यांना आपसात भाव बोलता येई. लंडनच्या गाडीवाल्यांनीही आकडे आणि नाणी अशीच झाकली. सातला ते ‘नेव्हेस’ म्हणत.

उलटा शब्द कधी कधी याहून फार मोठे ओझे वाहतो, हेही येथे सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. त्या काळात नाटकमंडळींत, बोटींवर आणि शहरांतील ठरावीक गुत्त्यांत या पुरुषांनी पोलारी नावाची बोली जपली. तिच्यात इटालियन वळणाचे शब्द होते, जसे चांगल्यासाठी ‘बोना’ आणि पाहण्यासाठी ‘वाडा’, आणि उलटवलेले इंग्रजीही होते. ‘हेअर’चे ‘रायाह’ झाले, तर ‘फेस’चे आधी ‘एकॅफ’ आणि मग नुसते ‘ईक’ झाले. अनोळखी माणसाशी बोलताना एखादा ‘बोना’ सहज पेरायचा. समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली तर तो आपल्यातला, नाही तर बोलणे हवापाण्याकडे वळवायचे, अशी ही परीक्षा असे. चुकीच्या माणसापुढे उघडे पडल्यास तुरुंग होता. १९६५ ते १९६८ या काळात बीबीसीच्या एका लोकप्रिय विनोदी नभोवाणी कार्यक्रमातून ही बोली घरोघरी ऐकू येऊ लागली, पुढे कायदाही बदलला, आणि तिची निकड संपल्यावर ती झपाट्याने ओसरली.

आपल्या वर्गाबाबत माझी एकच विनंती आहे. एखाद्या मुलाला मुद्दाम बाहेर ठेवण्यासाठी ‘नेप’ आणि ‘कूब’ वापरले जात आहेत काय, एवढे पाहा. तसे असेल तर त्या मुलाला बाजूला घेऊन आपणच ती बोली शिकवा.

प्रश्न : माझी सून नोकरीनिमित्त लंडनच्या पूर्व भागात राहते. तिच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी बागेतील गुलाब दाखवताना तिला ‘हॅव अ बुचर्स’ असे म्हटले. आम्ही शाकाहारी असल्याने खाटकाच्या उल्लेखाने ती गोंधळली आणि नुसती हसून घरात आली. त्या बोलण्याचा अर्थ काय असावा? — एक वाचक, सांगली

उत्तर : ते गृहस्थ सूनबाईंना ‘बघा तरी’ असे प्रेमाने म्हणत होते. ही लंडनच्या पूर्व भागातील कॉकनी लोकांची यमकी बोली आहे, आणि ती कशी घडते ते एकदा पायरीपायरीने पाहिले की पुढच्या वेळी गोंधळ होणार नाही. म्हणायचा मूळ शब्द ‘लुक’ आहे. त्याच्याशी यमक जुळणारा शब्द ‘हुक’, पण नुसता हुक घेत नाहीत, तर एखादी परिचित जोडी घेतात, म्हणून खाटकाच्या दुकानात मांस टांगण्याचा आकडा, अर्थात ‘बुचर्स हुक’ आला. आता बोलताना यमकाचा शब्दच गाळून टाकतात आणि ‘बुचर्स’ तेवढे उरते. सगळी चतुराई या शेवटच्या पायरीत आहे, कारण ज्या दोरीला धरून अर्थापर्यंत पोहोचायचे ती दोरीच कापलेली असते.

याच रीतीने मित्राला, म्हणजे ‘मेट’ला, ‘चायना प्लेट’मधील ‘चायना’ म्हणतात. डोके म्हणजे ‘हेड’, त्यासाठी ‘लोफ ऑफ ब्रेड’, म्हणून ‘जरा डोके चालवा’ या अर्थी ‘यूज युअर लोफ’. केसांना ‘बार्नेट’ म्हणतात, कारण लंडनच्या उत्तरेला बार्नेट गावी घोड्यांची मोठी जत्रा भरत असे आणि ‘बार्नेट फेअर’चे ‘हेअर’शी यमक जुळते. ‘टॉक’साठी ‘रॅबिट अँड पोर्क’ आहे, त्यामुळे एखाद्याची टकळी थांबत नसेल तर तो ‘रॅबिट’ करतो असे म्हणतात. जिन्यासाठी म्हणजे ‘स्टेअर्स’साठी असलेले ‘अ‍ॅपल्स अँड पेअर्स’ सर्वांत प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते ते आता पर्यटकांच्या कपबश्यांवरच अधिक शोभते.

ही बोली १८४० च्या दशकात रूढ झाली असावी. १८५९ मध्ये जॉन कॅम्डेन हॉटन या प्रकाशकाने काढलेल्या कोशात तिची स्वतंत्र यादी आहे, आणि रस्त्यात गाणी म्हणून छापील कागद विकणारे व तोंडपाटीलकीवर माल खपवणारे फिरस्ते हे तिचे जनक, असे त्याने म्हटले आहे. ती चोरांनी पोलिसांना चकवण्यासाठी काढली, हे मत पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला ते पटत नाही. जिना, केस, टोपी, सूप यांच्यासाठी ज्या लोकांनी यमके जुळवली त्यांना पोलिसांपासून जिना लपवायचा होता, असे मानणे कठीण आहे. गाणी विकणाऱ्या माणसाच्या जिभेवर दिवसभर यमके खेळत असतात. संध्याकाळी चार मित्रांत बसल्यावर ती बोलण्यात उतरणारच, आणि मग शेजारच्याला कळू नये ही गंमत त्यात आपोआप मिसळते.

यमक पूर्णपणे उच्चारावर अवलंबून असल्याने ही बोली तिच्या गावाशी आणि काळाशी घट्ट बांधलेली असते. बेलफास्टची गायिका रुबी मरे हिची १९५५ मध्ये एकाच आठवड्यात पाच गाणी ब्रिटनच्या पहिल्या वीसांत होती. पुढे इंग्लंडभर भारतीय जेवणाची हॉटेले झाली आणि ‘करी’शी तिच्या आडनावाचे यमक जुळल्याने लोक ‘रुबी’ खायला जाऊ लागले. आज रुबी मागवणाऱ्या तरुणांपैकी तिचे एखादे गाणे ऐकलेले फार थोडे असतील. ऑस्ट्रेलियातील लोकांनी तर अमेरिकनाला, म्हणजे ‘यँक’ला, ‘सेप्टिक टँक’ केले, ‘टँक’ गाळला आणि उरलेल्याला आपल्या सवयीप्रमाणे ‘ओ’ जोडून ‘सेप्पो’ बनवले, त्यामुळे त्या शब्दापासून मूळ अर्थ दोन घरे लांब गेला आहे.

सूनबाईंनी ‘बुचर्स’ स्वतः वापरायला हरकत नाही, कारण तो शब्द आता लंडनबाहेरही सर्रास चालतो. त्याआधी मात्र शेजारच्या आजोबांकडे जाऊन गुलाब पाहून यावेत असे मला वाटते.

प्रश्न : ‘ओके’ हा शब्द अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या चॉक्टॉ भाषेतून आला, असे मी बँकेत नोकरीला असल्यापासून ऐकत आलो आहे. माझे मित्र म्हणतात की युद्धात ‘शून्य ठार’ (‘० किल्ड’) असे फलकावर लिहीत, त्यावरून तो आला. कोणाचे खरे? — एक निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

उत्तर : दोघांचेही नाही. आपले मत मात्र एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचेही होते. वुड्रो विल्सन यांना चॉक्टॉ उगम इतका पटला होता की ते हा शब्द मुद्दाम ‘ओके’ऐवजी ‘ओकेह’ असा लिहीत.

खरी हकीगत अशी की १८३८ च्या सुमारास बॉस्टन शहरातील वर्तमानपत्रांत आद्याक्षरे वापरण्याची एक लाट आली होती. पुढे तिला वेगळेच वळण लागले आणि लेखक मंडळी मुद्दाम अशुद्ध स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापू लागली. ‘ऑल राइट’ हे अडाण्यासारखे लिहून त्याचे ‘ओ डब्ल्यू’ केले गेले. ‘नो यूज’मधील ‘नो’ हा ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘नो’च्या स्पेलिंगने लिहून ‘के वाय’ झाले. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’साठी ‘ओके’ छापून आले. यातील विनोद असा की ‘सर्व बरोबर’ असे सांगणाऱ्या दोन अक्षरांपैकी एकही अक्षर बरोबर नाही. ऑल हा शब्द ‘ओ’ने सुरू होत नाही आणि करेक्ट हा ‘के’ने सुरू होत नाही.

त्या लाटेतील बाकीची आद्याक्षरे विरून गेली, मग हे एकच का टिकले? त्याला पुढच्याच वर्षी एक वाली मिळाला. १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. ते न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक गावचे, म्हणून त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत, आणि त्यांच्या समर्थकांनी ‘ओके क्लब’ काढले. विरोधकांनी उलट अशी आवई उठवली की त्यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना धड लिहिता येत नाही, ते कागदांवर ‘ऑल करेक्ट’ म्हणून ‘ओके’ अशी खूण करतात. व्हॅन ब्युरेन हरले, पण निवडणुकीच्या धुळवडीत तो शब्द देशभर पोहोचला. नंतर तारायंत्रावर काम करणाऱ्यांना निरोप मिळाल्याची पोच देण्यासाठी दोन अक्षरांचा हा शब्द फारच सोयीचा ठरला. हा सगळा उगम अ‍ॅलन वॉकर रीड या अमेरिकन भाषाभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रे चाळून १९६३ आणि १९६४ मध्ये पुराव्यासह मांडला. तोपर्यंत सव्वाशे वर्षे लोक हा शब्द रोज बोलत होते आणि त्यातला विनोद कोणालाच आठवत नव्हता. आपणही बँकेत कित्येक कागदांवर ती खूण केली असेल.

प्रश्न : आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडे सहलीला गेलो असताना बूनव्हिल नावाच्या गावात सार्वजनिक फोनवर ‘बक्की वॉल्टर’ असे लिहिलेले पाहिले. ही कोणती भाषा? — एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : आपण भाग्यवान आहात, मी तो फोन केवळ छायाचित्रात पाहिला आहे. ती बूंटलिंग नावाची बोली आहे. मेंडोसिनो परगण्यातील अँडरसन खोऱ्यात, डोंगरांनी वेढलेल्या त्या एकाकी वस्तीत मेंढ्यांची लोकर कातरणारे, शेतात राबणारे आणि त्यांची मुलेबाळे यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवली. व्याकरण इंग्रजीचेच ठेवून हजारावर शब्द त्यांनी स्वतः रचले. चार्ल्स अ‍ॅडम्स यांनी त्यांचा अभ्यास करून १९७१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले.

या बोलीतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे गावातील माणसांची नावेच तिच्यात सामान्य नामे झाली आहेत. खोऱ्यात पहिला फोन वॉल्टर नावाच्या गृहस्थांकडे आला म्हणून फोन म्हणजे वॉल्टर, आणि बक्की म्हणजे पाच सेंटचे नाणे, यावरून नाणे टाकून बोलायचा फोन ‘बक्की वॉल्टर’ झाला. झेड आणि सी ही आद्याक्षरे असलेला एक रहिवासी अतिशय कडक कॉफी करीत असे, म्हणून कॉफी ‘झीस’ झाली आणि पेलाभर कॉफीला ‘हॉर्न ऑफ झीस’ म्हणू लागले. जेफ नावाचा खानावळवाला शेकोटी भरभरून पेटवी, तर मोठ्या जाळाला ‘जेफर’ नाव पडले. धर्मोपदेशकाला ते ‘स्काइप’ म्हणत, तेही इंटरनेटवरील कंपनीचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी. चांगल्या जेवणाला ‘बाल गॉर्म्स’ म्हणत. शहरातून आलेल्या माणसाला ‘ब्राइटलाइटर’ असा शब्द होता, तेव्हा त्या दिवशी तिथे आपणही ब्राइटलाइटरच होता.

आपण मराठीत कळ लावणाऱ्याला नारद आणि झोपाळूला कुंभकर्ण म्हणतो, पण नारद सर्वांना ठाऊक असतो. वॉल्टर कोण होते हे त्या खोऱ्यातील काही शे माणसांनाच ठाऊक होते, आणि तेवढ्यांनाच ठाऊक असावे हाच त्यांचा आनंद होता. पुढे रस्ते झाले, तरुण बाहेर पडले, बाहेरचे येऊ लागले. आता ती बोली अस्खलित बोलणारे अगदी मोजके वृद्ध उरले आहेत. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण अशी बोली पुस्तकावरून पुन्हा उभी करता येत नाही. शब्द सापडतील, पण ती कॉफी प्यायलेला माणूस कोठून आणणार?

प्रश्न : डब्लिनच्या एका नाट्यगृहचालकाने पैज लावून एका रात्रीत शहरभर भिंतींवर ‘क्विझ’ हा निरर्थक शब्द लिहवला आणि तो रूढ केला, असे वाचले. आम्हा मित्रांनाही एक इंग्रजी शब्द रूढ करायचा आहे. जमेल काय? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ती गोष्ट चटकदार आहे, पण खरी नाही. पैज १७९१ ची सांगतात आणि गोष्ट छापील स्वरूपात प्रथम १८३६ मध्ये दिसते, तर विक्षिप्त माणूस या अर्थी ‘क्विझ’ हा शब्द १७८२ च्या एका रोजनिशीतच आलेला आहे. एकट्याने रचलेले शब्द रुळल्याची उदाहरणे मात्र आहेत. इंग्रज लेखक लुईस कॅरल यांनी १८७१ मध्ये एका कवितेत ‘चकल’ आणि ‘स्नॉर्ट’ हे दोन शब्द एकमेकांत घालून ‘चॉर्टल’ केला, आणि आज तो कोणत्याही इंग्रजी कोशात सापडतो. त्याच कवितेतील इतर कितीतरी शब्द कवितेबाहेर पडलेच नाहीत. आपण शब्द जरूर रचा, परंतु भिंती रंगवू नका. जो शब्द आपल्यातील कोणी सहा महिन्यांनंतर भांडणात किंवा घाईत, विचार न करता वापरेल, तोच रुजला असे समजा.

प्रश्न : मी देवळालीची. इंग्रजीत वेडे होण्याला आमच्या गावाचे नाव आहे असे मुलगा सांगतो. हे खरे आहे काय? असल्यास का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : खरे आहे. ‘गो डूलॅली’ म्हणजे भ्रमिष्ट होणे, आणि डूलॅली म्हणजे आपली देवळालीच. ब्रिटिश काळात भारतातील मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी देवळालीच्या छावणीत येऊन थांबत. सैनिकांना नेणारी जहाजे मुंबईहून केवळ थंडीच्या मोसमात सुटत, त्यामुळे ज्याची मुदत वसंतात संपे त्याला पुढची थंडी येईपर्यंत तिथेच महिनोन्महिने काढावे लागत. लढाई नाही, कवायत नाही, काम नाही. वर उन्हाळा, मलेरिया आणि दारू. त्यांतील काही जण खरोखरच सैरभैर होत, आणि सोबती म्हणत की याला ‘डूलॅली टॅप’ झाला. हा ‘टॅप’ म्हणजे आपला साधा ताप. पुढे ताप गळून पडला आणि गावाचे नाव राहिले.

गावाचा त्यात अपमान आहे असे मला वाटत नाही. तो शब्द त्या शिपायांनी एकमेकांसाठी केला होता, आणि त्यात घरी जाऊ न शकलेल्या माणसांची व्यथा आहे. आज इंग्लंडमधील एखादी आजी किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवेना म्हणून स्वतःलाच ‘डूलॅली’ म्हणते, तेव्हा नाशिक रोडच्या पुढच्या स्टेशनाचे नाव आपण घेतले हे तिला माहीत नसते. मुलगा कधी तिकडे गेलाच, तर त्याने ते तिला जरूर सांगावे.